भिंती आणि भूमि

‘घर पाहावें बांधून’ ही म्हण आपल्याकडे जुनी आहे. ‘घर पाहावें विकत घेऊन’ अशी म्हण मात्र झाली नाहीं. कारण उघड आहे. घर बांधणाराच्या पायांखालीं आधीं जमीन असे. भिंती मागाहून उभ्या राहत. शहरांत ब्लॉक विकत घेणाराच्या हातीं भिंती आधीं येतात, आणि जमीन कित्येकदां येतच नाहीं. ही उलटापालट कशी झाली, तें मुंबईच्या इतिहासांत स्पष्ट दिसतें.

१८९६ सालीं त्या शहरांत प्लेगाची सांथ आली आणि दाट वस्तींतील अंधाऱ्या खोल्यांचा धोका सर्वांस कळून चुकला. १८९८ मध्यें सिटी इंप्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. पुढें त्यानें दादर-माटुंग्याकडे आंखीव रस्त्यांच्या वसाहतींची योजना केली. तरी मध्यमवर्गीय मनुष्य बहुधा भाडेकरूच राहिला. एकट्याला न पेलणारी जमीन अनेकांनीं मिळून धरावी, ही युक्ति १९१५ सालीं गांवदेवी येथील सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्थेनें करून दाखविली. तेथें भिंतींबरोबर भूमीचाहि विचार झाला होता.

पुढें १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्यानें भाडीं जखडलीं गेलीं. भाडेकरूंस आधार मिळाला. पण भाड्यासाठीं इमारत बांधण्यांत धनिकांस गोडी उरली नाहीं. तेव्हां ‘ओनरशिपचा ब्लॉक’ हा शब्द रूढ झाला. घेणारानें आयुष्याची पुंजी मोजावी, किल्ली घ्यावी, आणि जमीन मात्र बांधणाराच्या किंवा मूळ मालकाच्याच नांवें राहावी, असे प्रकार वाढले. म्हणून १९६३ चा कायदा आला. जमिनीवरील हक्काचे कागद दाखवावे, करार नोंदविण्यापूर्वीं किमतीच्या एक पंचमांशाहून अधिक रक्कम घेऊं नये, शेवटीं जमीन व इमारत संस्थेच्या नांवें करून द्यावी, असे दंडक त्यानें घातले. ही शेवटची अट पुष्कळांनीं पाळली नाहीं. म्हणून २००८ मध्यें मानीव अभिहस्तांतरणाची तरतूद करावी लागली. पुढें २०१६ च्या केंद्रीय कायद्यानुसार २०१७ मध्यें महारेराचा कारभार सुरू झाला आणि चटई क्षेत्राची व्याख्याहि कायद्यानेंच ठरविली.

या कायद्यांकडे आम्हीं निराळ्या दृष्टीनें पाहतों. यांतील बहुतेक कलम म्हणजे कोणा गिऱ्हाइकानें न विचारलेला, किंवा विचारूनहि उत्तर न मिळालेला एक प्रश्न आहे. घर निवडतांना ऊन, वारा, पाणी, मुलांची शाळा हीं पाहावींच. तीं डोळ्यांना दिसतात. परंतु जमीन कोणाची, नकाशा मंजूर आहे काय, वापरावयास जागा नेमकी किती, आणि जमीन संस्थेच्या नांवें केव्हां होणार, हें खिडकींतून दिसत नाहीं. घर बांधणारास हें न विचारतांच ठाऊक असे. घर घेणारानें तें विचारून, कागद पाहून, मगच बयाणा द्यावा.