फुटबॉल, नळी आणि पापुद्रा: कार्बनच्या तीन शोधांची गोष्ट

आज नॅनोमटेरियल्सबद्दल बोलूया.

नॅनोमीटर म्हणजे मीटरचा एक अब्जावा भाग. आपला केस साधारण ८० हजार नॅनोमीटर जाड असतो. ज्या पदार्थाचं निदान एक माप १ ते १०० नॅनोमीटरच्या आसपास बसतं, त्याला ढोबळमानाने नॅनोमटेरियल म्हणतात. इतक्या लहान मापात पदार्थ कशाचा बनलाय एवढ्यावर त्याचे गुणधर्म ठरत नाहीत, तो किती मोठा आणि कुठल्या आकाराचा आहे यावरही ठरतात.

कार्बनचंच बघा. सगळ्या बाजूंनी नॅनो, म्हणजे शून्यमितीय: फुलरिन. एकाच दिशेने लांब, म्हणजे एकमितीय: नॅनोट्यूब. पसरलेला पण जाडी नावापुरती, म्हणजे द्विमितीय: ग्राफिन. अणू तेच, फक्त मांडणी वेगळी. पुस्तकात या तिघांपुढे तीन सालं असतात: १९८५, १९९१ आणि २००४. पण मी जरा मागे जाऊन वाचायला लागलो, तर प्रत्येक सालामागे आणखी एक जुनं साल निघालं, आणि प्रत्येक वेळी भाषा वेगळी.

फुलरिनपासून सुरुवात करू. सप्टेंबर १९८५, अमेरिकेतलं राइस विद्यापीठ. हॅरल्ड क्रोटो, रिचर्ड स्मॉली, रॉबर्ट कर्ल आणि त्यांच्यासोबतचे विद्यार्थी ग्रॅफाइटवर लेझर मारून त्याची वाफ करत होते. ती हेलियममध्ये थंड झाल्यावर बनणाऱ्या कणांचं वजन मोजलं, तर ६० अणूंचे कण बाकीच्यांपेक्षा उठून दिसले. १२ पंचकोन, २० षटकोन, म्हणजे हुबेहूब फुटबॉल! १९९६ चं रसायनशास्त्राचं नोबेल तिघांना मिळालं. पण असा फुटबॉलसारखा रेणू असू शकतो, हे जपानी रसायनशास्त्रज्ञ एइजी ओसावा यांनी १९७० मध्येच लिहिलं होतं. कुठे? ‘कागाकु’ या जपानी मासिकात, जपानी भाषेत. राइसमधल्या मंडळींना तो लेख माहीत नव्हता.

आता नॅनोट्यूब. १९९१ मध्ये जपानच्या एनईसी कंपनीतले सुमिओ इइजिमा कार्बनच्या इलेक्ट्रोडवर साचलेला थर इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली बघत होते. त्यांना नळीत नळी, नळीत नळी अशी रचना दिसली, व्यास ४ ते ३० नॅनोमीटर. ‘नेचर’मध्ये पेपर आला आणि जगभर धावपळ सुरू झाली. पण १९५२ मध्ये रादुश्केविच आणि लुक्यानोविच या दोन सोव्हिएत शास्त्रज्ञांनी साधारण ५० नॅनोमीटर व्यासाच्या पोकळ कार्बन तंतूंचे फोटो छापले होते. तेही रशियन भाषेतल्या भौतिक रसायनशास्त्राच्या जर्नलमध्ये, आणि ऐन शीतयुद्धात. पश्चिमेकडे ते कितीजणांनी वाचलं असेल, अंदाज करा.

तिसरं, ग्राफिन. एका अणूइतक्या जाडीचा कार्बनचा पापुद्रा. २००४ मध्ये मँचेस्टरच्या आंद्रे गाइम आणि कोन्स्तान्तिन नोवोसेलोव्ह यांनी साध्या चिकटपट्टीने ग्रॅफाइटचे थर सोलून तो वेगळा केला आणि त्याचे विद्युत गुणधर्म मोजले. २०१० चं भौतिकशास्त्राचं नोबेल. मात्र १९६२ मध्येच हान्स-पेटर बोएम आणि सहकाऱ्यांनी अतिशय पातळ कार्बन पापुद्र्यांबद्दल लिहिलं होतं. जर्मनमध्ये.

म्हणजे सगळा दोष भाषेचा? इतकं सोपं नाहीये. १९७६ मध्ये मोरिनोबु एंडो, ओबरलिन आणि कोयामा यांनी असेच पोकळ, बारीक कार्बन तंतू दाखवले, आणि तेही चक्क इंग्रजीत. तरी गाजावाजा झाला नाही. कारण तेव्हा ‘या नळीचं करायचं काय?’ हा प्रश्नच कोणी विचारत नव्हतं. १९९१ पर्यंत फुलरिनमुळे सगळ्यांचं लक्ष कार्बनवर होतं. पाठोपाठ गणित आलं: पापुद्रा कुठल्या कोनात गुंडाळलाय त्यावर नळी धातूसारखी वागणार की सेमीकंडक्टरसारखी हे ठरतं. मग इलेक्ट्रॉनिक्सवाले धावत आले. ओसावांनीही रेणू कल्पिला होता, बनवला नव्हता. गाइम-नोवोसेलोव्हनी मोजमाप केलं, ते बोएमनी केलं नव्हतं. त्यामुळे नोबेलवाल्यांनी कुणाचं काही चोरलं, असं मी अजिबात म्हणत नाही.

पण एक गोष्ट उरतेच. एखादी गोष्ट सापडणं आणि ती जगापर्यंत पोचणं, ही दोन वेगळी कामं आहेत. दुसऱ्या कामात भाषेचा मोठा वाटा असतो.

आपण मराठीत विज्ञान बोलायला लागलो की हमखास विचारलं जातं, “अरे, मराठीत कोण वाचणार?” या गोष्टीतून मला त्याचं अर्धं उत्तर मिळतं. ओसावांनी ते जपानीत लिहून ठेवलं, छापलं, त्यावर तारीख पडली. म्हणूनच आज फुलरिनच्या इतिहासात त्यांचं नाव आदराने घेतलं जातं. नुसतं डोक्यात ठेवलं असतं, तर शोधून काढायला काहीच उरलं नसतं. उरलेलं अर्धं उत्तर मात्र कडू आहे: कोणीतरी ते वेळेत भाषांतर करून पलीकडे न्यायला हवं होतं. रशियनमधून, जपानीतून, जर्मनमधून. ते वेळेत झालं नाही, आणि मधली १५, ३९, ४२ वर्षं तशीच गेली.

तेव्हा मंडळी, आपल्या भाषेत लिहायचं, आणि लिहिलेलं पलीकडेही पोचवायचं. दोन्ही कामं आपलीच. तुमच्या क्षेत्रात असं काही मराठीत पडून असेल, तर जरूर कळवा. भेटूया पुढच्या भागात!