कुपीवरचे बाई-पुरुष

कपडे बेतणारा एखादा नामांकित डिझायनर ‘ना बाईचं, ना पुरुषाचं’ असं परफ्यूम बाजारात आणतो, तेव्हा मोठं बंड झाल्याचा गाजावाजा होतो. पण हा भेद सुगंधावर लादला तो बऱ्याच अंशी कपडेवाल्यांनीच. पॅरिसच्या पॉल प्वारेने १९११ मध्ये बायकांच्या पोशाखांच्या धंद्याला सुगंधांचा धंदा जोडला, दहा वर्षांनी शनेलचं ‘नंबर ५’ आलं, आणि पोशाख बायकांचा म्हणून त्याबरोबरचा वासही बायकांचा ठरला. ‘ओल्ड स्पाइस’ची कथा तर गमतीची. १९३७ मध्ये ते आलं बायकांसाठी. पुरुषांच्या दाढीच्या सामानावर ते नाव चढलं पुढच्या वर्षी. १९९४ मध्ये कॅल्विन क्लाइनच्या पेढीने ‘सीके वन’ दोघांसाठी म्हणून विकलं, म्हणजे आपल्याच धंद्याने मारलेली गाठ सोडवली.

रत्नागिरी जिल्ह्यातल्या खेडकडून पाहिलं तर ही गाठ फारच अलीकडची दिसते. खेडची जगबुडी नदी वाशिष्ठीला मिळते, वाशिष्ठी दाभोळला समुद्राला; आणि बहामनी काळात दाभोळची गलबतं होर्मुझ आणि तांबड्या समुद्रापर्यंत जात. त्याच दिशेने पुढे खेडमधली माणसं नोकरीला आखातात गेली आणि सुट्टीवर येताना ऊदाचं तेल, जाळायचं बखूर घेऊन आली. जुम्म्याला कानात फाया घालणारा पुरुष, तेच अत्तर लग्नघरात बायकांच्या मनगटावर. हिंदू घरांतही तसंच: मांडवात पाहुण्यांच्या हातावर अत्तर लावणारी कुपी आणि हळदीकुंकवाला फिरणारी कुपी वेगळी नसे. गुलाबदाणीने कोणावर शिंपडायचं हे पाहुणेपण ठरवी. अत्तरात निवड होती ती ऋतूची. उन्हाळ्यात खस, मोगरा, थंडीत हिना.

ही केवळ गावाकडची ढिलाई होती असंही नाही. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकात ‘मानसोल्लासा’त राजाच्या उपभोगांमध्ये विलेपन आणि धूप सविस्तर मांडले; आज ज्या फुलांच्या वासाला बायकी म्हणतात, त्यांत राजा न्हालेला आहे. रत्नागिरी जिल्ह्यातल्याच देवरुखचे परशुराम कृष्ण गोडे पुण्याच्या भांडारकर संस्थेत हस्तलिखितं सांभाळत. त्यांनी सुगंध बनवण्यावरच्या दोन जुन्या ग्रंथांकडे, गंगाधराच्या ‘गंधसारा’कडे आणि मराठी टीका असलेल्या ‘गंधवादा’कडे, अभ्यासकांचं लक्ष वेधलं. ‘गंधसारा’त भावन, पाचन, बोध, वेध, धूपन, वासन अशा सहा क्रिया येतात, मग पाण्याचे, तेलाचे, चूर्णाचे प्रकार. ही वर्गवारी कारागिराची आहे: काय घ्यायचं, कशात मुरवायचं, कशाचा धूर द्यायचा. गिऱ्हाईक बाई की बुवा, यावर ती बेतलेली नाही.

यावर आक्षेप निघतील, आणि ते हलके नाहीत. पुरुषाच्या सुगंधाचा वास उघड असावा नि रंग लपलेला, बाईच्या सुगंधाचा याउलट, अशा अर्थाचं वचन हदीसात आहेच. पण त्यातही ऊद पुरुषाचा आणि गुलाब बाईचा अशी वाटणी नाही. नियम आहे तो वास चारचौघांत किती जावा याचा. दुसरा आक्षेप जास्त बोचरा: विधवेला फुलं आणि अत्तर दोन्ही वर्ज्य होती, विधुराला काहीच वर्ज्य नव्हतं. ब्रह्मचाऱ्यालाही स्मृतींनी गंध आणि माळा नाकारल्या, हे उत्तर पुरेसं नाही, कारण त्याचं व्रत ठरावीक मुदतीने संपे, तिचं नाही. तेव्हा जुना समाज लिंगभेद मानत नव्हता, असा दावा कोणी करू नये. तो भेद माणसांवर होता, फार कठोर होता. वासावर मात्र नव्हता. नव्या बाजाराने बरोबर उलटं केलं: बाईला काहीही लावायची मोकळीक दिली आणि शिक्का कुपीवर मारला. आता आखातातून येणाऱ्या स्प्रेच्या खोक्यांवरही ‘फॉर मेन’, ‘फॉर विमेन’ छापलेलं असतं. तोळ्यावर विकल्या जाणाऱ्या ऊदाच्या तेलावर ते छापायची अजून कोणाला फारशी गरज वाटलेली नाही.