अपस्मार आणि मोटारीचा परवाना

अपस्मार हा मनुष्यजातीचा फार जुना वैरी आहे. मोटार मात्र कालपरवांची. या दोहोंची गांठ पडली तेव्हां असा एक प्रश्न उत्पन्न झाला कीं, त्याचें उत्तर एकट्या वैद्यकासही देतां येईना आणि एकट्या कायद्यासही देतां येईना. ज्याला फेंफरें येऊन गेलें, त्यानें पुन्हां मोटारीच्या चाकामागें बसावें किंवा नाहीं, हा तो प्रश्न. तराजूच्या एका पारड्यांत त्या मनुष्याची भाकरी व स्वाभिमान. दुसऱ्या पारड्यांत रस्त्यानें जाणाऱ्या अनोळखी माणसांचे प्राण. निरनिराळ्या देशांनीं हा तराजू कसा तोलला, याचा इतिहास बोधप्रद आहे.

चरकसंहितेंत निदानस्थान व चिकित्सास्थान अशा दोन्ही ठिकाणीं अपस्मारास स्वतंत्र अध्याय दिलेला आहे. वात, पित्त, कफ व सन्निपात असे त्याचे चार भेद तेथें सांगितले असून, रोग्यास पाणी, अग्नि, झाडें, डोंगर व उंचसखल जागा यांपासून जपावें, असा व्यवहारी उपदेशही केला आहे. ग्रीस देशांत ख्रि. पू. ४०० च्या सुमारास हिपॉक्रॅटीसच्या परंपरेंतील एका ग्रंथकारानें, लोक ज्यास पवित्र रोग म्हणतात तो इतर रोगांहून अधिक दैवी नसून त्याचें मूळ मेंदूंत आहे, असें निक्षून सांगितलें. समाजानें मात्र शहाण्यांचें ऐकलें नाहीं. आपल्याकडे फेंफरें आलेल्याच्या नाकाशीं कांदा किंवा पायतण धरण्याची चाल पिढ्यान्‌पिढ्या चालत आली, आणि घरांतील मुलीस हा विकार असल्यास तो दडवून ठेवण्याची रीतही तिच्याबरोबर चालत आली.

चरकाच्या उपदेशांत एक गोष्ट ध्यानांत घेण्याजोगी आहे. पाण्यांत पडावें, विस्तवावर पडावें, झाडावरून पडावें, या सर्वांत धोका होता तो रोग्याच्याच जिवास. मोटारीनें हें गणित बदललें. मिनिटाभराची बेशुद्धि आतां दुसऱ्याच्या घरावर संकट आणूं लागली.

योगायोग असा कीं, याच सुमारास वैद्यकास या रोगावर कांहींसा ताबा मिळूं लागला होता. १८५७ सालीं लंडन येथें चार्ल्स लोकॉक यांनीं पोटॅशियम ब्रोमाइडचा गुण सांगितला. १८७३ सालीं ह्यूलिंग्ज जॅक्सन यांनीं, झटका म्हणजे मेंदूच्या करड्या द्रव्यांतून अकस्मात् होणारा शक्तीचा अतिरिक्त स्फोट होय, अशी व्याख्या केली. १९१२ सालीं जर्मनींत आल्फ्रेड हाउप्टमान यांनीं फेनोबार्बिटोनचा उपयोग दाखविला. १९२९ सालीं हान्स बर्गर यांनीं मनुष्याच्या मेंदूंतील विद्युल्लहरींचा आलेख प्रसिद्ध केला. आणि १९३८ सालीं बोस्टन येथें मेरिट व पुटनम यांनीं फेनिटॉइन पुढें आणलें. या औषधानें रोगी पूर्वींच्या औषधांइतका पेंगत नसे. नियमानें गोळ्या घेणारा मनुष्य वर्षानुवर्षें झटक्यावांचून राहूं शकतो, हें हळूहळू उघड झालें. योग्य उपचार मिळाल्यास शेंकडा ७० पर्यंत रोगी झटक्यांपासून मुक्त राहूं शकतात, असें जागतिक आरोग्य संघटना आज सांगते.

कायदा मात्र याच वेळीं उलट दिशेनें गेला. इंग्लंडांत १९३० सालीं रस्ते-वाहतुकीचा कायदा झाला. परवाना मागणाऱ्यानें आपल्या प्रकृतीविषयीं लेखी निवेदन द्यावें, आणि अपस्मार असल्यास परवाना देऊं नये, असें त्या वेळीं ठरलें. हिंदुस्थानांत १९३९ सालीं मोटारवाहनांचा कायदा झाला. त्याच्या दुसऱ्या परिशिष्टांत परवान्यास सर्वस्वीं अपात्र करणाऱ्या रोगांची यादी होती, आणि त्या यादींत पहिलें नांव अपस्माराचें होतें. झटका काल आला कीं वीस वर्षांपूर्वीं, दिवसा येतो कीं झोपेंत, औषधानें थांबला आहे कीं नाहीं, यांपैकीं कांहींच ती यादी विचारीत नव्हती. रोगाचें नांव कळलें कीं निकाल झाला.

वरवर पाहतां अशा बंदीनें रस्ता सुरक्षित होतो. पण ती सारी उभी असते रोग्याच्या स्वतःच्या निवेदनावर. खरें बोलणाऱ्याची नोकरी जाते आणि खोटें बोलणाऱ्याची राहते, असा ज्या कायद्याचा परिणाम, त्याच्यापुढें किती लोक खरें बोलतील? त्याहून वाईट असें कीं, परवाना जाईल या भीतीनें रोगी डॉक्टरापासूनही झटका लपवितो. मग औषधाची मात्रा वाढत नाहीं, आणि पुढचा झटका रस्त्यावर येतो.

यावरील तोड प्रथम अमेरिकेंतील विस्कॉन्सिन संस्थानानें काढली. १९४९ सालीं तेथें असें ठरलें कीं, ज्यास दोन वर्षें झटका आलेला नाहीं, त्यास परवाना द्यावा. ब्रिटननें १९७० सालीं हेंच तत्त्व स्वीकारलें. आरंभीं मुदत तीन वर्षांची होती. १९८२ सालीं ती दोन वर्षांची आणि १९९४ सालीं एक वर्षाची झाली. यांतील शास्त्र सोपें आहे. शेवटच्या झटक्यास जितका अधिक काळ लोटतो, तितका पुढील झटक्याचा संभव कमी होत जातो. येत्या वर्षांत झटका येण्याचा संभव शेंकडा २० हून अधिक नसावा, हें खासगी मोटारीसाठीं ब्रिटनमधील माप. बस व मालमोटारीसाठीं तेंच माप शेंकडा २ चें. म्हणून बस हांकणाऱ्यानें दहा वर्षें झटक्यावांचून, आणि तींही औषधावांचून, काढलेलीं असलीं पाहिजेत. औषध बंद करतांना, आणि बंद केल्यावर सहा महिने, मोटार हांकूं नये, असेंही तेथें सांगतात. कारण धोक्याचा काळ तोच.

या मापाची खरी कसोटी जपानांत लागली. तेथें पूर्वीं पूर्ण बंदी होती. २००२ सालापासून दोन वर्षें झटका नसल्यास परवाना मिळूं लागला. पुढें १८ एप्रिल २०११ रोजीं कानुमा गांवीं शाळेस जाणाऱ्या मुलांच्या अंगावर क्रेनची एक अवजड गाडी गेली आणि सहा मुलें ठार झालीं. चालकास अपस्मार होता. त्यानें तो परवाना घेतांना लपविला होता, आणि आदल्या रात्रीं औषधही घेतलें नव्हतें. त्यास सात वर्षांची शिक्षा झाली. मुलांच्या आईबापांनीं कायदा कडक करावा म्हणून सह्या गोळा केल्या, आणि २०१३ सालीं तो कडक झालाही. खोटें निवेदन हा गुन्हा ठरला, व धोकादायक रोग्याची वर्दी देण्याची मोकळीक डॉक्टरांस मिळाली. पण एवढ्या दुःखानंतरही जुनी सरसकट बंदी परत आणली गेली नाहीं. कायद्यानें दंड ठेवला तो खोटेपणावर, रोगावर नव्हे.

आपल्याकडे १९३९ चा कायदा जाऊन १९८८ चा आला. १९८९ च्या नियमांतील पहिल्याच नमुन्यांत अर्जदारास, अपस्मार किंवा अकस्मात् बेशुद्धि येते काय, असा प्रश्न घातला गेला. मात्र किती काळ झटका नसला म्हणजे पुरे, याचें माप तेथें घातलें गेलें नाहीं. रोगाच्या नांवावरून मनुष्याचा निकाल करूं नये, हें तत्त्व आपल्या कायद्यास अपरिचित आहे असें नव्हे. हिंदु विवाहाच्या कायद्यांत १९७६ सालीं अपस्माराचा उल्लेख विवाहाच्या आड येणारा म्हणून घालण्यांत आला होता. तो १९९९ सालीं काढून टाकण्यांत आला. विवाहाविषयीं जें शहाणपण आलें, तें परवान्याविषयींही येण्यास हरकत नसावी.

कायदा काय तो होवो. शेवटचा निर्णय रोज सकाळीं किल्ली हातांत घेणाऱ्यासच करावा लागतो. काल रात्रीं झोप नीट झाली काय, गोळी चुकली काय, हात झटकन् उडाला किंवा क्षणभर भान हरपलें तें कोणास सांगितलें काय, हे प्रश्न कोणताही अधिकारी दारांत येऊन विचारीत नाहीं. ते विचारूं शकतात घरचीं माणसें, आणि तींही तेव्हांच, जेव्हां घरांत या रोगाचें नांव उघडपणें घेतां येतें. ज्या घरांत तें कुजबुजत घ्यावें लागतें, तेथें रोगी झटकाही लपवितो आणि किल्लीही सोडीत नाहीं.