काडतुसाचे वंगण आणि कोल्हापूरची शिपाई पलटण (१८५७) : एक तांत्रिक व ऐतिहासिक विचार

प्रस्तावना

१८५७ च्या उठावाची कारणमीमांसा करताना चरबी लावलेल्या काडतुसांचा उल्लेख झाला नाही, असे पाठ्यपुस्तक क्वचितच सापडेल. मात्र हा उल्लेख बहुधा एका वाक्यात संपतो. शिपायांच्या धर्मभावना दुखावल्या, असे सांगून लेखक पुढच्या मुद्द्याकडे वळतो. मुळात काडतुसाला वंगण का लावावे लागे, ते कोणत्या पदार्थांचे असे आणि त्याला पर्याय होता काय, हे प्रश्न तंत्रज्ञानाच्या इतिहासाचे म्हणून बाजूला ठेवले जातात. त्यामुळे शिपायांचा संशय अंधश्रद्धेच्या खात्यात जमा होतो आणि प्रशासनाची जबाबदारी नजरेआड होते. प्रस्तुत लेखात प्रथम वंगणाच्या तांत्रिक गरजेचा आणि नंतर ३१ जुलै १८५७ रोजी कोल्हापुरात झालेल्या शिपायांच्या उठावाचा या दृष्टीने विचार केला आहे. कोल्हापूरचे उदाहरण विशेष महत्त्वाचे आहे; कारण काडतुसांचा वाद जेथे सुरू झाला, त्या ठिकाणांपासून हे शहर फार दूर होते.

काळ्या दारूची काजळी व वंगणाची गरज

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस धूरविरहित दारू प्रचारात येईपर्यंत सर्व बंदुका व पिस्तुले काळ्या दारूवर चालत. ब्रिटिश लष्करी दारूत साधारणपणे ७५ भाग सोरा, १५ भाग कोळसा आणि १० भाग गंधक असे. ही दारू पूर्णपणे वायुरूप होत नाही. नोबल व एबल या शास्त्रज्ञांनी १८७० च्या दशकात केलेल्या प्रयोगांत असे आढळले, की जळालेल्या दारूच्या वजनापैकी सुमारे ५७ टक्के भाग घनरूप अवशेष म्हणून उरतो. या अवशेषात पोटॅशियमचे क्षार असतात. त्यांपैकी काही हवेतील ओलावा शोषून घेतात, तर कोरड्या हवेत तीच काजळी नळीच्या आत टणक थर होऊन बसते.

गुळगुळीत नळीच्या जुन्या ठासणीच्या बंदुकीत गोळी नळीपेक्षा बरीच लहान असल्यामुळे काजळीचा त्रास मर्यादित राही. सैल गोळी जागेवर राहावी म्हणून तिच्यावर कागदाचा किंवा चिंधीचा बोळा गजाने ठासला की काम भागे. आटे असलेल्या नळीत मात्र गोळी घट्ट बसणे आवश्यक असते. १८५३ सालच्या नमुन्याच्या एनफिल्ड बंदुकीच्या नळीचा व्यास ०.५७७ इंच होता आणि तिच्या आरंभीच्या गोळीचा व्यास ०.५६८ इंच. म्हणजे दोहोंमध्ये जेमतेम नऊ सहस्रांश इंचाचे अंतर होते. या अंतरातच गोळीभोवतीचा कागद बसवायचा होता. थोडी काजळी साचली, की गोळी नळीत अडकत असे. यावर उपाय म्हणून गोळीभोवतीच्या कागदाला वंगण लावले जाई. वंगणामुळे काजळी मऊ राही, पुढची गोळी ठासताना ती पुसली जाई आणि काडतूस दमटपणापासूनही काही प्रमाणात सुरक्षित राही.

हाच नियम त्या काळातील टोपीच्या रिव्हॉल्व्हरलाही लागू होता. १८५० च्या दशकात अनेक इंग्रज अधिकारी कोल्ट किंवा ॲडम्स बनावटीची रिव्हॉल्व्हर स्वखर्चाने विकत घेत. या शस्त्राच्या फिरत्या चक्रात पाच किंवा सहा घरे असतात आणि प्रत्येक घरात दारू व गोळी समोरून भरली जाते. एका घरातील ठिणगी शेजारच्या घरात शिरली, तर अनेक बार एकदम उडण्याचा धोका असतो. म्हणून गोळीच्या तोंडावर चरबीचा थर देण्याची किंवा दारू व गोळी यांच्यामध्ये वंगणात भिजवलेली नमद्याची चकती ठेवण्याची पद्धत रूढ झाली. चरबी व मेण यांचे मिश्रण अधिकाऱ्याच्या हाती असलेल्या शस्त्रातही होते. फरक इतकाच, की त्याच्या दृष्टीने तो केवळ शस्त्राच्या देखभालीचा विषय होता.

वंगणाचे घटक

खनिज तेलाचा मोठा व्यापार १८५९ नंतर सुरू झाला. त्यापूर्वी वंगणासाठी प्राण्यांची चरबी, वनस्पती तेले, तूप आणि मधमाशांचे मेण हेच पदार्थ उपलब्ध होते. त्यांतील निवड वितळण्याच्या तापमानावर अवलंबून असे. मेण सुमारे ६२ ते ६४ अंश सेल्सिअसला वितळते, चरबी साधारणपणे ४० ते ५० अंशांच्या दरम्यान, तर तूप त्याहून बऱ्याच कमी तापमानाला. केवळ तूप किंवा तेल वापरल्यास उन्हाळ्यात ते कागदातून झिरपून दारूत उतरेल. केवळ मेण वापरल्यास थंडीत ते कडक राहील. म्हणून दोन पदार्थांचे मिश्रण करावे लागते. उष्ण प्रदेशात मेणाचे प्रमाण वाढवून त्यात तूप किंवा तेल मिसळणे हा पर्याय तांत्रिकदृष्ट्या शक्य होता. त्यासाठी लागणारे पदार्थ हिंदुस्थानातील कोणत्याही मोठ्या बाजारपेठेत मिळत.

इंग्लंडमधून आलेल्या कृतीत मात्र चरबीचा वाटा मोठा होता. ती कृती तांत्रिकदृष्ट्याही निर्दोष नव्हती. चरबीतील आम्लांची शिशावर प्रक्रिया होऊन गोळीवर पांढरट थर जमे आणि आधीच घट्ट असलेली गोळी अधिक फुगे. उष्ण हवामानात साठवलेली काडतुसे यामुळे भरण्यास अवघड झाली. पुढे गोळीचा व्यास ०.५५ इंचापर्यंत कमी करण्यात आला आणि वंगणात मेणाला प्राधान्य मिळाले. शिपायांनी धर्माच्या आधारे ज्या पदार्थाला हरकत घेतली, तो पदार्थ काही वर्षांतच तांत्रिक कारणांनीही मागे पडला.

१८५३ चा इशारा आणि जानेवारी १८५७

वंगण लावलेली काडतुसे १८५३ मध्ये हिंदुस्थानात प्रथम आली, ती हवामानाचा परिणाम तपासण्यासाठी. त्या वर्षी डिसेंबरमध्ये बंगाल लष्कराचे ॲडज्युटंट जनरल कर्नल टकर यांनी लेखी इशारा दिला होता, की वंगणात जातिधर्माला बाधक पदार्थ नसल्याची खात्री होईपर्यंत ही काडतुसे एतद्देशीय पलटणींना देऊ नयेत. या इशाऱ्याची योग्य ती दखल घेतली गेली नाही. तपासणीसाठी काडतुसे काही पहाऱ्यांच्या शिपायांना पेटीत वागवण्यास देण्यात आली. दोन वर्षांनी शिपायांची हरकत नसल्याचा अहवाल आला. पण ती काडतुसे दातांनी फोडून भरण्याचा प्रसंग त्यांच्यावर आलाच नव्हता.

एनफिल्ड बंदुकीचे शिक्षण देणारी केंद्रे डमडम, अंबाला व सियालकोट येथे होती. जानेवारी १८५७ मध्ये डमडम येथे काडतुसांत गाईची व डुकराची चरबी असल्याची वार्ता पसरली. येथे एक तांत्रिक तपशील लक्षात घेणे उचित ठरेल. काडतुसाचे वंगण गोळीकडील टोकाला असे आणि दातांनी फोडावयाचे टोक दारूकडील असे. तथापि उष्ण हवेत चरबी वितळून कागदभर पसरू शकते आणि हाताला तर ती लागतेच. शिपायांचा आक्षेप या तपशिलाने निकालात निघत नाही.

सरकारने महिनाअखेरीस शिपायांना आपल्या पसंतीचे वंगण स्वतः लावण्याची मुभा दिली. मार्चमध्ये काडतूस दातांऐवजी बोटांनी फोडण्यास संमती मिळाली. पर्याय अस्तित्वात होता, याची ही कबुलीच होती. परंतु ती संशय रुजल्यानंतर आली. चरबी कोणत्या जनावराची होती, याविषयी पुरवठ्याच्या वेळी विशेष दक्षता घेतली गेली नसल्याचे सरकारी चौकशीतूनच उघड झाले. त्यामुळे कोणताही अधिकारी खात्रीने नकार देऊ शकत नव्हता. फेब्रुवारीत बऱ्हाणपूर (बंगाल) येथील १९ व्या पलटणीने आणि २४ एप्रिल रोजी मेरठच्या ३ ऱ्या घोडदळातील ८५ स्वारांनी जी काडतुसे नाकारली, ती जुन्या पद्धतीची, नव्या वंगणाशी संबंध नसलेली होती. म्हणजे वंगणापेक्षा त्याविषयीचा अविश्वास अधिक वेगाने प्रवास करत होता.

कोल्हापूर : वंगणाविना अविश्वास

कोल्हापूर येथे मुंबई लष्कराची २७ वी पलटण होती. शिक्षणाची उपरोक्त तिन्ही केंद्रे बंगाल लष्कराच्या क्षेत्रात होती; मुंबई लष्कराची भरतीची व जातिविषयक धोरणेही बंगालपेक्षा भिन्न होती. असे असूनही ३१ जुलै १८५७ च्या रात्री, ऐन पावसाळ्यात, पलटणीतील एक मोठा गट उठला. रामजी शिरसाट हे या उठावाचे एक पुढारी होते. खजिना लुटला गेला. काही शिपायांनी शहरालगतच्या पागेचा आश्रय घेऊन अखेरपर्यंत झुंज दिली. या पागेवरील हल्ल्याबद्दल दक्षिण मराठा घोडदळातील लेफ्टनंट केर यास पुढे व्हिक्टोरिया क्रॉस देण्यात आला. ऑगस्टमध्ये कर्नल ले ग्रँड जेकब कोल्हापुरात पोहोचला आणि पलटण निःशस्त्र करण्यात आली.

या घटनेचे स्पष्टीकरण वंगणात शोधता येत नाही. ते दोन दिशांनी शोधावे लागते. पहिली दिशा लष्करी पत्रव्यवहाराची. २७ व्या पलटणीचे धारवाडच्या २८ व्या आणि बेळगावच्या २९ व्या पलटणीशी संधान होते. उत्तरेकडील वार्ता अशा मार्गांनी दक्षिणेत येत होत्या. दुसरी दिशा स्थानिक इतिहासाची. १८४४ मध्ये गडकऱ्यांचे बंड मोडल्यानंतर सामानगड, भुदरगड, पन्हाळा या किल्ल्यांवरील परंपरागत शिबंदी संपुष्टात आली आणि राज्याचा कारभार कंपनीच्या अधिकाऱ्यांकडे गेला. बाबासाहेब महाराज (कारकीर्द १८३८–१८६६) गादीवर होते, पण सत्ता त्यांच्या हाती नव्हती. ६ डिसेंबर १८५७ रोजी शहराचे दरवाजे बंद करून पुन्हा उठाव झाला. जेकबने दरवाजा फोडून शहरात प्रवेश केला आणि अनेकांना देहान्ताची शिक्षा झाली. महाराजांचे बंधू चिमासाहेब यांना १८५८ मध्ये कराचीस नेण्यात आले. तेथेच १८६९ मध्ये त्यांचे निधन झाले.

जेथे तेरा वर्षांपूर्वी किल्ले, वतने व कारभार हिरावला गेला होता, तेथे सरकार धर्मही हिरावून घेईल, ही वार्ता खरी वाटण्यास चरबी प्रत्यक्ष पाहण्याची गरज नव्हती. सरकारच्या शब्दावर विश्वास उरला नव्हता, हे अधिक महत्त्वाचे होते.

निष्कर्ष

१) काळ्या दारूच्या आटेदार शस्त्रांना वंगण अनिवार्य होते, चरबी अनिवार्य नव्हती. मेण आणि तूप किंवा तेल यांचे मिश्रण हा व्यवहार्य पर्याय होता व तो सरकारनेही उशिरा मान्य केला.

२) १८५३ चा लेखी इशारा पाहता चरबीचा वापर हा अज्ञानाचा परिणाम ठरत नाही. तो प्रशासकीय हयगयीचा परिणाम ठरतो. चरबीच्या उगमाची नोंद व तपासणी नसल्यामुळे शिपायांचा संशय तर्कसंगत होता.

३) कोल्हापूरच्या उदाहरणावरून दिसते, की वंगणाचा प्रश्न उठावाचे सर्वत्र समान कारण नव्हता. स्थानिक अन्यायाच्या स्मृती जेथे ताज्या होत्या, तेथे त्याने त्या स्मृतींना नवे निमित्त पुरवले.

४) म्हणून अध्यापनात ‘चरबीची काडतुसे’ हा मुद्दा धर्मभावनेच्या एका वाक्यात न आटोपता त्यामागील तंत्र, पुरवठा-व्यवस्था आणि प्रादेशिक पार्श्वभूमी यांसह मांडला जाणे आवश्यक आहे. तसे केल्यास २७ व्या पलटणीचा शिपाई अफवेला बळी पडलेला भाबडा माणूस म्हणून समोर येत नाही. आपल्या अनुभवावरून राज्यकर्त्यांच्या हेतूविषयी निष्कर्ष काढणारी व्यक्ती म्हणून तो विद्यार्थ्यांपुढे उभा राहतो.