रंध्यावरचे नाव

जुन्या हत्यारांचा संग्रह म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे तलवारी आणि कट्यारी येतात. सुताराचे रंधेही कोणी जमवतो आणि त्यांच्या कुळकथांवर जाडजूड ग्रंथ निघतात, हे सांगितले तर मराठी वाचक किंचित हसेल. इंग्लंड-अमेरिकेत मात्र या छंदाला रीतसर अभ्यासाचे रूप आले आहे. ‘अर्ली अमेरिकन इंडस्ट्रीज असोसिएशन’ ही संस्था १९३३ साली स्थापन झाली; ब्रिटिश रंधेकारांवरचा गुडमन यांचा ग्रंथ १९६८ मध्ये आला, अमेरिकी रंधेकारांवरचा पोलक दांपत्याचा १९८३ मध्ये. यामागचे श्रम बहुतांशी हौशी माणसांचे. रंध्यावर नाव दिसले की ही मंडळी गावोगावची दप्तरे, मृत्युपत्रे, मालमत्तेच्या याद्या धुंडाळत निघत.

चौकटींना, कपाटांना नक्षीची किनार काढणारा लाकडी रंधा पुढे साडेनऊ इंचांवर स्थिरावला. अठराव्या शतकातला न्यू इंग्लंडचा रंधा दहा इंचांच्या आसपास असतो. लाकूड बहुधा पिवळे बर्च. इंग्रज कारागीर बीच वापरत. वरच्या कडा रुंद आणि सपाट तासलेल्या. एकोणिसाव्या शतकात त्या गोलाईकडे झुकल्या. पाते जखडणाऱ्या पाचरीचा माथा तर हस्ताक्षरासारखा, जाणकार त्यावरून कारखाना ओळखतात. (विकणारे पाचरी बदलतात, हेही जाणकार ओळखतात.) एवढ्यावरून काळ आणि प्रदेश कळतो, माणूस कळायचा तर पुढच्या टोकाच्या छेदावर ठोकलेला ठसा हवा. ठसे दोन प्रकारचे, करणाऱ्याचे आणि वापरणाऱ्याचे. एकच नाव निरनिराळ्या कारखान्यांच्या रंध्यांवर आढळले तर तो मालक समजावा, असा साधा नियम आहे.

मॅसॅच्युसेट्समधील रेंथम गावचा फ्रान्सिस निकल्सन हा अमेरिकेतील अगदी आरंभीच्या ज्ञात रंधेकारांपैकी एक. त्याच्या ठशात नावाखाली ‘लिव्हिंग इन रेंथम’, म्हणजे रेंथम येथे राहणारा, अशी अक्षरे असत. त्याच्या पदरी सीझर चेलर नावाचा आफ्रिकी वंशाचा गुलाम होता. १७५३ मध्ये निकल्सन वारला. मृत्युपत्राने त्याने चेलरला स्वातंत्र्य दिले, जमीन दिली, आणि कामाचा बाक व नेहमीची हत्यारेही दिली. त्यानंतर चेलर स्वतःच्या नावाने रंधे करू लागला. ‘सीई चेलर, लिव्हिंग इन रेंथम’ असा ठसा असलेले ते रंधे आज संग्राहकांत फार मोलाचे मानले जातात. उत्तर अमेरिकेतील पहिला ज्ञात कृष्णवर्णीय हत्यारकार म्हणून त्याचे नाव घेतले जाते.

धन्याच्या ठशातली शब्दरचना त्याने जशीच्या तशी उचलली. ती त्या गावच्या मालाची खूण होती, गिऱ्हाइकाला ओळखीची होती. व्यापारी शहाणपण म्हणून एवढे पुरेसे आहे. तरीही कालपर्यंत ज्याची गणना दुसऱ्याच्या मालमत्तेत होत होती, तो लाकडावर आपले नाव आणि त्याखाली आपण कोठे राहतो हे उमटवतो, याकडे केवळ व्यापारी खूण म्हणून पाहणे आम्हांला जमत नाही.

प्रश्न उरतो तो १७५३ पूर्वीच्या रंध्यांचा. त्यांच्यावर निकल्सनचे नाव आहे, आणि सूचीकार तेच ‘कर्ता’ या रकान्यात लिहितात. परंतु मृत्युपत्रात ज्याला बाक आणि हत्यारे मिळतात, तो त्या बाकावर आधीपासून काम करीत असणार हे उघड आहे. अशा रंध्यांपुढे ‘निकल्सन’ ऐवजी ‘निकल्सनचा कारखाना’ असे लिहावे, असे आमचे मत आहे. चित्रकलेच्या सूचींत गुरूचे चित्र आणि गुरूच्या चित्रशाळेचे चित्र हा भेद फार पूर्वीपासून पाळला जातो. रंध्यांच्या बाजारात तो पाळला तर किमती कदाचित हलतील. संग्राहकांचा विरोध होईल तो त्यामुळेच.

मॅसॅच्युसेट्सच्या सर्वोच्च न्यायालयाने गुलामगिरी राज्यघटनेशी विसंगत ठरवली ती १७८३ साली. चेलर त्याच्या पुढच्या वर्षी वारला. तोवर सुमारे तीस वर्षे त्याचा ठसा चालू होता.