कसबा आणि कसब : सामान्य नगरजनांच्या अनुभवाची मोजणी

मराठीतील ‘कसबा’ आणि ‘कसब’ हे शब्द एकाच घराण्यातील वाटतात. वस्तुतः त्यांचा परस्परांशी संबंध नाही. दोन्ही अरबीतून फारसीच्या द्वारा मराठीत आले. परंतु मूळ अरबीत त्यांचा ‘क’ निराळा आणि ‘स’ही निराळा. मराठी उच्चारात हा भेद लोपला. ‘कसबा’ म्हणजे परगण्याचे मुख्य, बाजारपेठेचे गाव; ‘कसब’ म्हणजे मुळात कमाई आणि पुढे मेहनतीने कमावलेले कौशल्य. योगायोगाने जुळलेल्या या जोडीत एक खरा प्रश्न मात्र दडलेला आहे : कसब्यातील सामान्य माणसाच्या अंगी कसब किती मानावे, आणि ते कोणत्या मापाने मोजावे?

या प्रश्नाला गेल्या अर्धशतकात एका अनपेक्षित क्षेत्रात उत्तरे शोधली गेली. 1974 साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ प्रसिद्ध झाला. त्यात खेळाडू योद्ध्याची किंवा मांत्रिकाची भूमिका घेतात आणि एक सूत्रधार उरलेले सर्व जग चालवितो. लोहार, सराईवाला, पहारेकरी हे सारे त्याच्या वाट्याला येतात. हा खेळ छोट्या सैनिकी बाहुल्यांच्या युद्धखेळांतून उपजलेला असल्यामुळे त्यातील ‘अनुभव’ मारलेल्या राक्षसांवरून व हस्तगत केलेल्या द्रव्यावरून मोजला जाई. अनुभव वाढला की ‘पातळी’ वाढे, आणि पातळीबरोबर प्रहाराचे व घाव सोसण्याचे सामर्थ्य वाढे. साहजिकच चाळीस वर्षे ऐरणीपुढे उभा राहिलेला लोहार ‘शून्य पातळी’चा ठरे.

2000 सालच्या आवृत्तीने ही उणीव दूर करण्याचा यत्न केला. सामान्यजनांसाठी पाच स्वतंत्र वर्ग योजून त्यांनाही पातळ्या दिल्या. परंतु कौशल्याची कमाल मर्यादा पातळीशीच जखडलेली राहिल्याने निराळीच विसंगती उद्भवली : सोनाराला निष्णात करावे तर तो तरण्याबांड शिपायापेक्षाही चिवट होई. 2014 च्या आवृत्तीत सामान्य नागरिकाला अवघे 4 प्राणगुण देऊन त्याची दुर्बलता पुन्हा मान्य करण्यात आली. याहून निराळी वाट 1978 च्या ‘रूनक्वेस्ट’ या खेळाने आधीच दाखविली होती. तेथे पातळी नाहीच. प्रत्येक कौशल्य शेकड्यात स्वतंत्रपणे मोजावयाचे, ते वापराने वाढावयाचे, आणि जितके अधिक येते तितकी पुढची वाढ अवघड व्हावयाची. शिकणाऱ्या माणसाचा स्वभाव या नियमात अधिक यथार्थपणे उतरला आहे.

मराठी कागदपत्रांत याच प्रश्नाचे एक जुने उत्तर आढळते. मराठेशाहीतील वतनाच्या किंवा शिवेच्या तंट्यांचा निवाडा गोतसभेत होई व त्याचा महजर होई. त्यावर निरक्षर गावकरी आपापल्या व्यवसायाची निशाणी करीत : पाटलाचा नांगर, न्हाव्याचा आरसा, शिंप्याची कात्री. या निशाण्यांत उंचीनीच दाखविणारा आकडा नाही. माणूस कशात जाणता आहे, एवढेच त्या सांगतात. शिवेच्या वादात महाराच्या साक्षीला विशेष वजन असे, कारण शीव त्याच्या पायाखालची होती. ज्या समाजाने त्याला गावकुसाबाहेर ठेवले, त्याच समाजाला शिवेपुरते त्याचे ज्ञान प्रमाण मानावे लागे. मान आणि ज्ञान यांची मापे एक नव्हेत, याचा याहून बोलका पुरावा मिळणे कठीण.

येथे एक आक्षेप ध्यानात घेतला पाहिजे. वतन वंशपरंपरेचे होते. तेव्हा निशाणी हक्काची खूण आहे, परीक्षा दिल्याची नव्हे. हा आक्षेप रास्त आहे. कसबाचे टप्पे पाहावयाचे तर दुसऱ्या शब्दांकडे वळावे लागते. ‘उमेदवार’ म्हणजे मुळात आशा धरून असलेला. काम शिकत पुढे नेमणुकीची वाट पाहणे ही उमेदवारी. ‘शागीर्द’ व ‘उस्ताद’ हे फारसीतून आले, तर ‘मेस्त्री’ पोर्तुगीज ‘मेस्त्रे’पासून. या शब्दांनी दाखविलेली चढण एकेका धंद्याच्या आतली आहे. उस्ताद विणकर लोहाराच्या भात्यापाशी शागीर्दच राहतो.

औरंगाबादच्या, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या, पूर्वेस जालना रस्त्यावरील चिकलठाणा येथे हा प्रश्न खेळापुरता राहिलेला नाही. 1610 मध्ये मलिक अंबरने वसविलेल्या खडकीचे हे शहर वाढत गेले आणि शेजारच्या या गावात विमानतळ व औद्योगिक वसाहत आली. त्याबरोबर अनुभवाचे नवे मापही आले. 1948 च्या किमान वेतन कायद्याखालील अधिसूचनांत कामगारांचे अकुशल, अर्धकुशल व कुशल असे वर्ग आढळत. वेतनाचा हिशेब करावयाचा तर असे वर्ग आवश्यकच होते. तथापि पाऊस, बियाणे आणि बैल यांची पारख ज्याने चाळीस वर्षे केली, तो शेतकरी यंत्रशाळेच्या दारात ‘अकुशल’ ठरतो. त्या दारापुरता हा निर्णय बरोबर असेल. परंतु त्या शब्दाने साऱ्या माणसाचे वर्णन झाले असे मानले की 1974 च्या खेळाची ‘शून्य पातळी’ प्रत्यक्ष जीवनात उतरते, आणि येथे तिची किंमत रोजच्या मजुरीत मोजावी लागते.

सारांश, सामान्य नगरजन किती अनुभवी मानावा, या प्रश्नाला एका आकड्याचे उत्तर नाही. सूत्रधाराने त्याला तलवारीत कच्चा आणि धंद्यात मुरलेला दाखवावा. इतिहासकाराने कागदात त्याच्या नावापुढे काही लिहिलेले नाही, एवढ्यावरून त्याला काही येत नव्हते असे अनुमान काढू नये. शून्य हे पुष्कळदा माणसाचे नसते, मापाचे असते.