‘तलवार’वरील चौदा अर्ज

फेब्रुवारी १९४६ मधील मुंबईच्या नाविक उठावाविषयी मराठीत लिहिले गेले आहे ते बहुधा स्वातंत्र्यलढ्याचे एक प्रकरण म्हणून. तो मान त्यास मिळावयासच हवा. परंतु आम्हांस येथे त्या घटनेकडे एका निराळ्या, काहीशा अरसिक प्रश्नाच्या अंगाने पाहावयाचे आहे. आज्ञा न मानणाऱ्या कनिष्ठ सैनिकाशी त्याच्या वरिष्ठाने कसे वागावे, हा तो प्रश्न. कुलाब्याच्या ‘तलवार’ या संदेशवहन-शाळेत अवघ्या तीन आठवड्यांत या प्रश्नाची दोन रूपे एकापाठोपाठ एक उभी राहिली आणि तेथील अधिकाऱ्यास त्या दोहोंमधला भेदच उमगला नाही, असे आमचे मत आहे.

पहिले रूप बलाईचंद्र दत्त यांचे. सरसेनापती ऑकिनलेक यांची भेट ठरली होती. तिच्या सुमारास, २ फेब्रुवारीस, ‘जय हिंद’ आणि ‘छोडो भारत’ अशा घोषणा रंगविल्याबद्दल दत्त पकडले गेले. त्यांच्यापाशी राजकीय वाङ्मयही सापडले. दत्त यांनी काही लपविले नाही. हा सरळ, जाणूनबुजून केलेला आज्ञाभंग होता. जगातील कोणतेही नौदल अशा कृत्यास शिक्षा करील, आणि दत्त यांनाही त्याविषयी भ्रम नव्हता. शिक्षा पत्करूनच त्यांनी कुंचला हाती घेतला होता. या प्रकरणात कमांडर किंग यांना फारसा दोष देता येणार नाही.

दुसरे रूप मात्र वेगळे आहे. ८ फेब्रुवारीस किंग बराकीत आले असता त्यांनी खलाशांना शिव्या दिल्या. कुत्रीची पोरे, हमालांची पोरे, जंगली लोकांची पोरे, अशा अर्थाचे ते शब्द होते, असे तक्रारदारांचे म्हणणे. (शिवीचे भाषांतर नेहमीच फिके पडते. येथे तर मूळ शब्दांत वंशाचा जो दर्प आहे तो मराठीत उतरतच नाही.) यावर त्या खलाशांनी काय केले? घोषणा दिल्या नाहीत, बंड केले नाही. चौदा जणांनी वेगवेगळे चौदा तक्रार-अर्ज लिहिले. वेगवेगळे अशासाठी की लष्करी नियमांप्रमाणे सामूहिक तक्रार हीच बंडाची पहिली पायरी समजली जाते. ज्याने त्याने आपले गाऱ्हाणे आपल्यापुरते मांडावे. म्हणजे ज्यांना पुढे बंडखोर म्हटले गेले त्यांतील हे चौघे-दहा जण त्या घटकेस नियमपुस्तकाच्या अक्षराला धरून चालले होते.

आणि येथेच रस्ता संपतो. अर्ज जावयाचा तो वरिष्ठाच्या हातून. वरिष्ठ म्हणजे ज्याच्याविरुद्ध अर्ज आहे तोच. आठवडा उलटल्यावर किंग यांनी अर्जदारांना बोलावले, खोटी तक्रार करणे हा गंभीर गुन्हा आहे अशी जाणीव दिली आणि विचार करावयास एक दिवसाची मुदत दिली. कायद्याच्या भाषेत यात वावगे काहीच नसेल. पण ऐकणाऱ्याला त्यातून एकच गोष्ट कळली असणार. नियम मोडणाऱ्या दत्तला जी वागणूक, तीच नियम पाळणाऱ्यालाही.

१८ फेब्रुवारीस ‘तलवार’वरील खलाशांनी निकृष्ट अन्न नाकारले आणि काम थांबविले. ही माणसे संदेश धाडण्याच्याच कामातली. त्यांचा शब्द बिनतारी यंत्रांवरून जहाजांपर्यंत आणि पुढे कराचीपर्यंत पोहोचावयास वेळ लागला नाही. मध्यवर्ती संप समिती स्थापन झाली; एम. एस. खान तिचे अध्यक्ष, मदनसिंग उपाध्यक्ष. अठ्ठ्याहत्तर जहाजे, वीस किनारी ठाणी आणि सुमारे वीस हजार खलाशी, असे आकडे इतिहासग्रंथांत दिलेले असतात. मागण्यांत अन्न होते, पगार होता, किंग यांच्यावर कारवाई होती. आझाद हिंद सेनेच्या कैद्यांची सुटका आणि इंडोनेशियातून हिंदी फौजा परत बोलावणे, हेही होते. किंग यांना लगेच हलविण्यात आले. दहा दिवस आधी जे पुरेसे झाले असते ते आता कोणाच्या खिजगणतीत नव्हते. २१ तारखेस कॅसल बराकीपाशी गोळीबार झाला आणि त्याच दिवशी ॲडमिरल गॉडफ्रे यांनी आकाशवाणीवरून, नौदल नष्ट झाले तरी बेहत्तर, पण शरणागती हवी, असे बजावले. ज्यांचे म्हणणे एका बंद खोलीत शांतपणे ऐकता आले असते त्यांच्याशी आता साऱ्या शहरादेखत बोलावे लागत होते. शहर रस्त्यावर उतरले. दोनशेहून अधिक नागरिक मेले. परळमध्ये कमल दोंदे गोळीला बळी पडल्या.

शिवछत्रपतींचे चिपळूणजवळच्या छावणीतील जुमलेदार-हवालदारांना लिहिलेले पत्र आमच्या वाचकांनी अभ्यासक्रमात वाचलेले असते, बहुधा गद्याचा नमुना म्हणून. त्यात धाक आहे, परंतु आज्ञा मोडली तर पुढे काय काय घडेल याची कारणेही आहेत. दाणागोटा संपला तर घोडे मरतील, रयतेस लुबाडाल तर मोगलांपेक्षा तुम्हीच वाईट ठराल, असे समजावीत ते पत्र जाते. किंग यांच्या वागण्यात दरारा तेवढा होता.

संप मिटविताना वल्लभभाई पटेल यांनी खलाशांना शस्त्रे खाली ठेवण्यास सांगितले आणि सूडबुद्धीने कोणावर कारवाई होऊ नये यासाठी काँग्रेस प्रयत्न करील असा शब्द दिला. सैन्याच्या शिस्तीशी खेळता येत नाही, उद्या स्वतंत्र देशालाही सैन्य लागेल, असे त्यांचे मत होते. ते चुकीचे होते असे आम्हांस म्हणता येत नाही. पण शिस्त म्हणजे केवळ खालच्याने वरच्याचे ऐकणे, हा तिचा अर्धाच अर्थ त्यात धरला गेला. न्यायमूर्ती फजल अली यांच्या चौकशी आयोगाने उठावाचे मूळ कारण सांगितले ते सेवेतील दीर्घकाळ न सुटलेल्या तक्रारी, ज्यांना राजकीय वातावरणाने धार आली. त्या निष्कर्षानंतरही ४७६ खलाशी बडतर्फ झाले ते झालेच. स्वातंत्र्यानंतर ना भारताच्या नौदलाने त्यांना परत घेतले, ना पाकिस्तानच्या.

दत्त पुढे मुंबईतच पत्रकारितेत आले आणि १९७१ साली त्यांनी या साऱ्याची हकिकत पुस्तकरूपाने इंग्रजीत लिहिली. ग्रंथनामात त्यांनी स्वतःला व सोबत्यांना निष्पाप म्हटले आहे. २००१ साली कुलाब्यात या उठावाचे स्मारक उभे राहिले. नौदलाने आपल्या दोन ओढबोटींना दत्त आणि मदनसिंग यांची नावेही दिली.